वादळ थांबलं, मग शाळा का उघडत नाही?

२४ जानेवारी २०१६. रविवारी सकाळी अमेरिकेच्या राजधानीवर लख्ख ऊन पडलं. शुक्रवारी दुपारी सुरू झालेलं हिमवादळ शनिवारी रात्री उशिरा एकदाचं थांबलं होतं. वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळावर २९.३ इंच, म्हणजे सुमारे ७४ सेंटिमीटर बर्फाची नोंद झाली, तर बाल्टिमोरच्या विमानतळावर २९.२ इंचांची. वारा पडला, आभाळ निवळलं आणि पुढच्या काही दिवसांत मोठ्या रस्त्यांवरचं डांबर पुन्हा दिसू लागलं. दुकानं उघडली, लोक कामावर जाऊ लागले. शाळा मात्र उघडेनात. राजधानीभोवतीच्या मेरिलँड आणि व्हर्जिनियातल्या अनेक मोठ्या जिल्ह्यांत त्या जवळजवळ आठवडाभर बंद राहिल्या.

त्या भागात मराठी कुटुंबं बरीच आहेत. व्हिडिओ कॉलवर अंगणातला बर्फ दाखवून झाला, बर्फाचा माणूसही दाखवून झाला, की तिसऱ्या-चौथ्या दिवशी इकडच्या आजीआजोबांचा प्रश्न येतोच, "अरे, ऊन पडलंय की आता! मग पोरं अजून घरी कशी?" प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर शोधायला आभाळाकडे बघणं सोडून गल्लीच्या कोपऱ्यावर, बसच्या आगारात, शाळेच्या छतावर आणि तळघरातल्या बॉयलरपाशी जावं लागतं. शाळा बंद करायला एक निर्णय पुरतो. उघडायची तर वेगवेगळ्या माणसांची दहा-बारा कामं एकाच सकाळी पुरी व्हावी लागतात. त्यातलं एखादं राहून गेलं, तर त्याची झळ ज्याचं घर सगळ्यांत आडबाजूला आहे अशा मुलाला आधी बसते.

अमेरिकेत शाळांचा कारभार 'स्कूल डिस्ट्रिक्ट' नावाच्या स्थानिक व्यवस्थेकडे असतो. व्हर्जिनियातला फेअरफॅक्स जिल्हा घ्या. त्यात पावणेदोन लाखांहून जास्त विद्यार्थी, दोनशेच्या आसपास शाळा आणि दीड हजारावर पिवळ्या बस आहेत. या सगळ्यांसाठी शाळा चालू की बंद हे एक अधिकारी ठरवतो, त्याला सुपरिंटेंडंट म्हणतात. बर्फाच्या रात्री वाहतूक विभागाची माणसं पहाटे तीनच्या सुमारास आपापल्या गाड्या काढून रस्ते बघत हिंडतात. चढ कुठे घसरतोय, पुलावर काचेसारखा बर्फ धरला आहे का, आतल्या गल्लीत मोठं वाहन वळेल का, हे उतरून बघतात आणि फोनवर कळवतात. हवामान खात्याशी, रस्ते खात्याशी, शेजारच्या जिल्ह्यांशी बोलणं होतं. पाचच्या आत निर्णय लागतो, कारण पहिल्या बस त्यानंतर लगेच निघायच्या असतात आणि आईबापांनाही आपली सोय बघायची असते.

तोवर मुलांनी आपल्या परीने प्रयत्न केलेलेच असतात. रात्रीचे कपडे उलटे घालून झोपलं, उशीखाली चमचा ठेवला, संडासात बर्फाचे खडे टाकले, की उद्या सुट्टी मिळते, असा तिकडच्या पोरांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास आहे.

हे अधिकारी इतके धास्तावलेले का असतात, ते इतिहासात डोकावलं की कळतं. १२ जानेवारी १८८८ रोजी डकोटा, नेब्रास्का आणि मिनेसोटाच्या माळरानावर एक वादळ आलं. आधीचे कित्येक दिवस कडाक्याच्या थंडीचे होते आणि त्या दिवशी सकाळी हवा अचानक उबदार झाली. मुलं पातळ कपड्यांतच शाळेला गेली. अनेक ठिकाणी वादळ येऊन थडकलं ते शाळा भरलेली असताना किंवा सुटायच्या वेळेला. पिठासारखा बारीक बर्फ वाऱ्यावर असा उडत होता की हातभरावरचं दिसेना, आणि तापमान तर काही तासांत कोसळलं. घराच्या वाटेवर निघालेली मुलं वाट चुकली. त्या वादळात सुमारे २३५ माणसं दगावली असं मानलं जातं, त्यांत शाळकरी मुलं इतकी होती की ते 'मुलांचं हिमवादळ' याच नावाने ओळखलं जातं. नेब्रास्कातल्या मिनी फ्रीमन या तरुण शिक्षिकेच्या शाळेचं छप्पर वाऱ्याने उडालं. सगळ्या मुलांना घेऊन ती जवळच्या शेतघरापर्यंत पोहोचली आणि मुलं वाचली.

त्यानंतर सव्वाशे वर्षांनी, २८ जानेवारी २०१४ रोजी, अटलांटा शहरात अडीच इंचांच्या आसपास बर्फ पडला. उत्तरेकडच्या शहरांत एवढ्याशा बर्फाला कोणी विचारत नाही. पण अटलांटात दुपारी शाळा, कचेऱ्या आणि कंपन्या सगळ्या एकदमच सुटल्या. लाखो गाड्या एकाच वेळी रस्त्यावर आल्या, त्यांच्या चाकांखाली बर्फ दबून-वितळून पुन्हा गोठला आणि मीठ टाकायला निघालेल्या गाड्याही त्याच कोंडीत अडकल्या. शहर परिसरातल्या दोन हजारांवर मुलांनी ती रात्र शाळेत काढली, काही मुलं रात्री उशिरापर्यंत बसमध्येच होती. जॉर्जियाच्या गव्हर्नरांना जाहीर माफी मागावी लागली.

हे वाचताना आपल्याला २६ जुलै २००५ आठवणारच. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला त्या दिवशीही मुंबईची कितीतरी मुलं शाळेत, बसमध्ये, अनोळखी लोकांच्या घरांत रात्रभर होती. बर्फ असो की पाऊस, मूल घरी असेल तर ठीक आणि शाळेत असेल तरी ठीक. घर आणि शाळा यांच्या अधेमधे ते अडकलं की जिवावर बेततं. वादळानंतर शाळा उघडताना सगळा विचार या मधल्या वाटेचा करावा लागतो.

ही वाट आधी रस्त्यावरून जाते. बर्फ ढकलणाऱ्या गाड्यांना तिकडे स्नोप्लाऊ, म्हणजे बर्फाचे नांगर, म्हणतात. त्यांचा क्रम ठरलेला असतो. आधी महामार्ग आणि रुग्णालयांकडे जाणारे रस्ते, मग बसमार्ग, मग जोडरस्ते आणि सगळ्यांत शेवटी वस्तीतल्या गल्ल्या. मोठ्या वादळानंतर गल्लीपर्यंत नांगर पोहोचायला कित्येक दिवस लागू शकतात, कारण दोन-अडीच फुटांचा थर लहान गाडीला ढकलता येत नाही. तो यंत्राने उचलून ट्रकमध्ये भरून न्यावा लागतो. व्हर्जिनियात तर गल्ल्या साफ करायचं कामसुद्धा बहुतेक ठिकाणी राज्याच्या रस्ते खात्याकडे आहे. म्हणजे शाळेचा निर्णय ज्याच्यावर अवलंबून, ते काम शाळेच्या हातात नाही आणि बऱ्याचदा जिल्ह्याच्याही नाही.

रस्त्यावर मीठ टाकतात. खारं पाणी शून्य अंशाला गोठत नाही, ते पातळच राहतं, हे त्यामागचं साधं कारण. पण मिठाचीही मर्यादा आहे. प्रयोगशाळेत मिठाचं पाणी उणे २१ अंश सेल्सिअसपर्यंत द्रव ठेवता येतं. रस्त्यावर मात्र साधं मीठ साधारण उणे ९ अंशांच्या खाली गेलं की फार हळू काम करतं. मग कॅल्शियम क्लोराइडसारखे महाग क्षार वापरावे लागतात, नाहीतर चाकांना पकड मिळावी म्हणून नुसती वाळू टाकतात. वादळाच्या आधीच रस्त्यावर मिठाचं पाणी फवारून ठेवलं तर बर्फ डांबराला चिकटत नाही आणि नंतरचं काम हलकं होतं. ही फवारणी चुकली की काय होतं ते वॉशिंग्टनने त्याच आठवड्यात पाहिलं होतं. मोठ्या वादळाच्या दोन दिवस आधी, २० जानेवारीच्या संध्याकाळी, जेमतेम इंचभर बर्फ पडला. रस्ते तयार नव्हते. माणसं तासन्‌तास गाड्यांत अडकून पडली आणि शहराच्या महापौरांनी चूक कबूल केली.

आजीआजोबांना दिसणारं ऊनही पुरतं भरवशाचं नसतं. दिवसा कडेच्या ढिगाऱ्यांतून पाणी झिरपून रस्त्यावर येतं आणि रात्री पारा उतरला की त्याचा काचेसारखा पातळ थर बनतो. खालचं काळं डांबर त्यातून आरपार दिसतं, म्हणून त्याला तिकडे 'ब्लॅक आइस' म्हणतात. चालकाला वाटतं रस्ता नुसता ओला आहे. पुलांवर हा थर सगळ्यांत आधी धरतो, कारण पुलाला वरून आणि खालून दोन्हीकडून गार हवा लागते, जमिनीची ऊब मिळत नाही. वादळानंतरच्या दिवसांत शाळा अनेकदा दोन तास उशिरा भरवतात त्याचं कारण हेच. थंडीतली सर्वांत गार वेळ सूर्योदयाच्या आसपासची असते. दोन तास थांबलं की उजाडतं, पारा थोडा चढतो, मिठाला काम करायला वेळ मिळतो आणि नोकरदारांची गर्दीही ओसरते.

आता बसथांब्यावर येऊ. मला स्वतःला वाटतं, शाळा उघडण्याचा खरा कस इथे लागतो आणि याच जागेकडे सगळ्यांत कमी लक्ष जातं. नांगर-गाडी रस्त्यावरचा बर्फ कडेला सारते. कडेला काय असतं? पदपथ. रस्ता जितका चांगला साफ होतो तितका पदपथावरचा ढिगारा उंच होत जातो, आणि चौकात तर दोन रस्त्यांचा बर्फ एकाच कोपऱ्यावर येऊन साठतो. मुलं शाळेच्या बससाठी नेमकी त्या कोपऱ्यावर उभी राहतात. ढिगारा चार-पाच फुटांचा आणि दुसरीतलं मूल साडेतीन-चार फुटांचं. पलीकडून येणाऱ्या चालकाला मूल दिसत नाही, मुलाला गाडी दिसत नाही. पाय ठेवायला जागा नाही म्हणून मूल रस्त्यावर उतरून उभं राहतं आणि तो रस्ताही निसरडा. चालत शाळेत जाणाऱ्या मुलांना तर सबंध वाटभर हेच.

बऱ्याच शहरांत घरासमोरचा पदपथ साफ करायची कायदेशीर जबाबदारी घरमालकाची असते. वॉशिंग्टन शहराचा नियम आहे की बर्फ थांबल्यावर दिवसाउजेडीच्या पहिल्या आठ तासांत तो साफ व्हायला हवा. म्हातारीकोतारी, आजारी माणसं, परगावी गेलेले मालक, रिकामी पडलेली घरं, हे धरलं की एखाद्या रस्त्यावर चार घरांपुढे वाट मोकळी आणि पाचव्यापुढे भिंत असं चित्र दिसतं. मुलाच्या दृष्टीने ती वाट बंदच.

थांब्यावर किती वेळ थांबायचं हाही प्रश्न आहे. नुसतं तापमान बघून चालत नाही, वाऱ्यासह अंगाला किती गार लागतं ते बघावं लागतं. अमेरिकेच्या हवामान खात्याच्या तक्त्यानुसार हे जाणवणारं तापमान उणे २८ अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं, की उघड्या कातडीला अर्ध्या तासात हिमदंश होऊ शकतो. म्हणून जानेवारी २०१४ मध्ये मिनेसोटाच्या गव्हर्नरांनी राज्यभरच्या सरकारी शाळा एक दिवस बंद ठेवल्या, निव्वळ थंडीपायी. बस वीस मिनिटं उशिरा आली तर एरवी कंटाळा येतो, अशा हवेत बोटं गमवायची वेळ येते.

पिवळी बस तिकडे रोज अडीच कोटींच्या आसपास मुलांना ने-आण करते. तिचा तो ठरावीक पिवळा रंग १९३९ साली न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या टीचर्स कॉलेजमध्ये भरलेल्या परिषदेत पक्का झाला. पहाटेच्या अर्धवट उजेडात त्या पिवळ्यावरची काळी अक्षरं चटकन दिसतात म्हणून. बर्फाच्या भिंतीआडूनही हा रंग उठून दिसतो. पण मोठी बस म्हणजे बारा मीटरचं धूड. गल्लीत दोन्ही बाजूंनी ढिगारे आले आणि त्यात बर्फाखाली गाडलेल्या मोटारी उभ्या असल्या, की मोटार निघून जाते तिथे बस वळत नाही. मागे घ्यायची तर मागे मुलं उभी.

आगारात वेगळीच लढाई चालू असते. बहुतेक बस डिझेलवर चालतात आणि डिझेलमध्ये मेणासारखे घटक असतात. थंडी वाढली की ते मेण सुटं होऊन फिल्टरमध्ये अडकतं, इंजिनाला इंधनच मिळत नाही. त्यासाठी हिवाळी मिश्रणाचं डिझेल वापरतात आणि इंजिन उबदार ठेवणारे विजेचे हीटर रात्रभर लावून ठेवतात. बॅटरीची ताकद थंडीत निम्म्यावर येऊ शकते. ब्रेकच्या हवेच्या नळ्यांत ओल राहिली असेल तर ती गोठते. आठवडाभर उघड्यावर उभ्या असलेल्या बसच्या टपावर फूट-दीड फूट बर्फ साचलेला असतो. तो न काढता बस निघाली तर ब्रेक दाबताच अख्खी लादी पुढच्या काचेवर किंवा मागून येणाऱ्या गाडीवर पडणार. म्हणून पहाटे चारला चालक आणि मेकॅनिक शिडी लावून एकेक बस झाडत असतात. आणि तो चालक आपल्या घरून आगारापर्यंत कसा आला? त्याचीही गल्ली साफ व्हावी लागतेच. शिक्षक, स्वयंपाकघरातली माणसं, शाळेचे शिपाईकाका म्हणावेत असे देखभाल कर्मचारी, सगळ्यांचं तेच. मोठ्या शहरात घरभाडी परवडत नाहीत म्हणून यातले पुष्कळ जण लांबच्या गावांहून येतात.

इमारतीत पहिली चिंता छताची. ताजा भुसभुशीत बर्फ घनमीटरला शंभर किलोच्या आतबाहेर भरतो. म्हणजे पाऊण मीटर थर साचला तर दर चौरस मीटरवर सत्तर-पंचाहत्तर किलो. तोच बर्फ दबला, वितळून ओला झाला, त्यावर पाऊस पडला, वाऱ्याने तो एका कोपऱ्यात लोटला, की त्या जागचं वजन कितीतरी पटींनी वाढतं. अमेरिकेतल्या असंख्य शाळांची छपरं सपाट आहेत, आणि व्यायामशाळा व सभागृहांच्या छपरांना मधे खांब नसतात. वॉशिंग्टनला याची जुनी जखम आहे. २८ जानेवारी १९२२ च्या रात्री निकरबॉकर थिएटरचं सपाट छत २८ इंच बर्फाच्या भाराने खेळ चालू असताना कोसळलं आणि ९८ प्रेक्षक मेले. त्या वादळाला आजही थिएटरचंच नाव आहे. त्यामुळे मोठ्या बर्फानंतर कुणीतरी छतावर चढून पाणी जायची भोकं मोकळी आहेत का, तुळई वाकली आहे का, आतल्या बाजूला नवी भेग पडली आहे का, हे पाहिल्याशिवाय मुलांना आत घेत नाहीत.

छतावरून उतरलं की इमारतीला फेरी मारायची. आगीच्या वेळी बाहेर पडायच्या दारांपुढे बर्फ असेल तर ती दारं उघडणारच नाहीत. अग्निशमनाचे नळ ढिगाऱ्याखाली गाडलेले असतात, ते उकरून काढायचे. बॉयलरच्या धुराची नळी बर्फाने बुजली असेल तर कार्बन मोनॉक्साइड इमारतीत शिरतो आणि त्याला ना रंग, ना वास. हे सगळं झाल्यावर आठवडाभर थंड पडलेली इमारत तापवायला घ्यायची. दगडविटांच्या भिंती सावकाश तापतात, म्हणून बॉयलर आदल्या दिवशीच चढवावा लागतो.

बर्फाहूनही चिवट शत्रू म्हणजे गोठलेले नळ, हे टेक्सासने २०२१ च्या फेब्रुवारीत अनुभवलं. डॅलस-फोर्टवर्थला पारा उणे १९ अंशांवर गेला. विजेची मागणी भडकली, नैसर्गिक वायूच्या विहिरी आणि वीजकेंद्रं गारठून बंद पडली आणि ४५ लाखांवर घरांची वीज गेली. राज्याच्या अधिकृत मोजणीप्रमाणे २४६ जणांचा जीव गेला. बंद, थंड इमारतींत पाण्याच्या नळ्या गोठल्या. दक्षिणेकडची बांधकामं उकाड्याच्या हिशेबाने झालेली, नळ्या बाहेरच्या भिंतींतून आणि माळ्यावरून विनाआवरण गेलेल्या.

नळी कशी फुटते हे जरा नीट बघण्यासारखं आहे. पाणी गोठलं की सुमारे नऊ टक्के फुगतं हे आपण शाळेत शिकतो. पण बर्फ झाला त्याच जागी नळी फुटते असं सहसा होत नाही. बर्फाचा बोळा नळीत वाढत जातो आणि आपल्यापुढचं पाणी बंद तोटीच्या दिशेने दाबत राहतो. मधे कोंडलेल्या त्या पाण्याचा दाब इतका चढतो की नळी तिथे उकलते. म्हणूनच थंडीच्या रात्री तोटीतून बारीक धार सोडून ठेवा असं सांगतात, दाबाला वाट मिळते. फुटलेली नळी लगेच कळत नाही, कारण बर्फाच्या बोळ्याने ती बंदच असते. थंडी सरते, ऊन पडतं, बोळा वितळतो आणि मग पाणी सुटतं. शाळेत आग विझवण्यासाठी छताच्या पडदीमागून फवाऱ्यांच्या नळ्या गेलेल्या असतात. त्यातली एक रात्री सुटली तर सकाळपर्यंत छताच्या पाट्या गळून पडलेल्या, वाचनालयातली पुस्तकं फुगलेली आणि व्यायामशाळेची लाकडी जमीन उचकटलेली सापडते. टेक्सासात अनेक शाळांचं हेच झालं. वादळ गेल्यानंतर त्यांचं नुकसान समोर आलं.

त्यात शहरांच्या पाण्याचा दाब पडला. ह्यूस्टन, ऑस्टिनसारख्या शहरांना पाणी उकळून प्या अशा सूचना द्याव्या लागल्या. राज्यात जवळजवळ दीड कोटी लोकांच्या पाण्यावर परिणाम झाला. पाण्याविना शाळा चालत नाही, संडास नाहीत, हात धुणं नाही, स्वयंपाक नाही. पाणी परत आल्यावरही लगेच घंटा वाजवता येत नाही. पिण्याच्या पाण्याची प्रत्येक तोटी काही मिनिटं सोडून जुनं पाणी काढून टाकायचं, बर्फाच्या यंत्रातला सगळा बर्फ फेकायचा, फिल्टर बदलायचे, वीज गेल्यामुळे शीतकपाटांतलं नासलेलं अन्न टाकून नवं मागवायचं. तेही रस्ते अजून धड नसताना.

अन्नाचा विषय निघाला आहे तर सांगायला हवं, कारण शाळा लवकर उघडावी असं म्हणणाऱ्यांच्या बाजूने हा सर्वांत जड मुद्दा आहे. अमेरिकेत तीन कोटींच्या घरात मुलं एरवी शाळेत दुपारचं जेवण घेतात आणि त्यातल्या बहुसंख्यांना ते फुकट किंवा सवलतीत मिळतं. शालेय पोषण आहाराचं मोल आपल्याला नव्याने समजावायला नको. शाळा आठवडाभर बंद म्हणजे या मुलांचं आठवडाभराचं हुकमी जेवण बंद. रोजंदारीवरच्या आईला कामावर गेलं तर मूल एकटं आणि घरी राहिलं तर पगार नाही. न्यू यॉर्क शहर बर्फातही शाळा सहसा बंद ठेवत नाही त्यामागे हाही विचार असतो. तिथल्या पुष्कळ मुलांना भुयारी रेल्वेने किंवा पायी शाळेत जाता येतं, ही त्यांची सोय. उपनगरांत ती नाही.

मग उघडण्याची घाई करावी का? इथे जोशुआ गुडमन या अर्थशास्त्रज्ञाचा २०१४ सालचा अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. त्यांनी मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या २००३ ते २०१० या काळातल्या शाळांची आकडेवारी तपासली. प्रचंड बर्फ पडतो तेव्हा शाळा बंद राहतात. मध्यम बर्फ पडतो तेव्हा शाळा चालू असतात, पण गैरहजेरी वाढते. गुडमन यांना आढळलं की बंद दिवसांमुळे परीक्षेतल्या गुणांवर लक्षात येण्यासारखा परिणाम होत नाही, गैरहजेरीमुळे मात्र होतो, विशेषतः गणितात. कारण समजायला सोपं आहे. अख्खा वर्ग घरी असेल तर बाई तोच धडा परवा घेतात, सगळे बरोबरीने पुढे सरकतात. वर्गात तीसपैकी बावीस आले, तर आठ जण मागे पडतात. उद्या त्या आठांसाठी मागे यायचं की बावीसांना घेऊन पुढे जायचं, या ओढाताणीत सगळ्यांचाच वेळ जातो.

उलट निष्कर्षही आहेत. मेरिलँडमधल्या शाळांवर मार्कॉट आणि हेमेल्ट यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अचानक बंद राहिलेल्या दिवसांनी उत्तीर्णांचं प्रमाण घटतं असं दिसलं आणि त्याचा फटका लहान वर्गांना जास्त होता. परीक्षेची तारीख हलत नाही आणि भरपाईचे दिवस येतात जूनमध्ये, परीक्षा उरकल्यावर, ही त्यातली खरी अडचण. दोन्ही अभ्यास शेजारी ठेवले की मला वाटतं, बंद दिवसाची किंमत आहेच, पण ती वेळापत्रक हलवून भरून काढता येते. अर्धवट उघडलेल्या दिवसाची किंमत ठरावीक मुलं मोजतात, तीही मुकाट्याने. गल्ली साफ झाली नाही, बस आली नाही, घरी गाडी नाही, ती ही मुलं. मोटारीने सोडणारे आईबाप ज्यांना आहेत त्यांची हजेरी लागते.

दिवस भरून काढायच्या तऱ्हा बऱ्याच आहेत. व्हर्जिनियात शाळेने वर्षात १८० दिवस किंवा ९९० तास शिकवलं पाहिजे असा नियम आहे. म्हणून जिल्हे रोजच्या वेळात थोडी जादा मिनिटं घालून ती गाठीशी ठेवतात आणि बर्फात खर्चतात. मॅसॅच्युसेट्समध्येही १८० दिवसांचा नियम आहे. २०१४-१५ च्या हिवाळ्यात बॉस्टनमध्ये सुमारे ११० इंच बर्फ पडला तेव्हा शाळांची वर्षअखेर पार जूनच्या शेवटाकडे सरकली. गोळा करून ठेवलेल्या बर्फाचा एक डोंगर तर जुलैच्या मध्यापर्यंत वितळत होता. करोनाच्या काळानंतर घरून ऑनलाइन शाळा हा तिसरा मार्ग आला. न्यू यॉर्कने १३ फेब्रुवारी २०२४ ला तो वापरला आणि सकाळी सकाळी लॉगिनची यंत्रणाच ओझ्याने अडखळली. शिवाय वादळात वीज गेली असेल तर हा मार्ग मुळातच बंद. १९९८ च्या जानेवारीत क्वेबेकमध्ये गोठत्या पावसाने विजेचे मनोरे कोसळले. काही गावं महिनाभर अंधारात राहिली आणि शाळांमध्ये बेघरांच्या खाटा पडल्या. तिथे शाळा उघडायची तर आधी त्या माणसांना घरी जाता आलं पाहिजे.

एवढं सगळं जुळून पहिली घंटा झाली, तरी काम उरतं. ज्या मुलांनी अंधाऱ्या, गार घरात दिवस काढले ती झोपेची आणि भुकेची आलेली असतात. अनुभवी शिक्षक पहिल्या तासाला पुस्तक उघडायची घाई करत नाहीत, मुलांना बोलू देतात. कार्यालयात त्या वेळी दुसरं काम चालू असायला हवं. हजेरीपत्रक वर्गवार न बघता बसमार्गावार लावून बघायचं. एकाच मार्गावरची सहा मुलं आली नसतील तर ती आजारी नाहीत, त्यांचा कोपरा बंद आहे. मग रस्ते खात्याला त्या कोपऱ्याचं नाव कळवायचं, त्या घरांना फोन करायचा आणि उद्या तिथे लहान गाडी पाठवायची. एकट्यादुकट्याच मुलाची जागा रिकामी असेल, तर त्या घरी वीज, पाणी आणि जेवण आहे ना, हे त्याच फोनवर विचारून घ्यायचं.